मायनर थ्रेट : वॉशिंग्टनच्या एका पंक बँडची कारकीर्द आणि तिचे दप्तर

आमच्या मंडळाची शीव ठरलेली आहे. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतली गावे, देवळे, घराणी, जत्रा, वाद्ये यांवरच निबंध वाचायचे, असा शिरस्ता. म्हणून वॉशिंग्टनमधल्या पोरांच्या एका पंक बँडवर लिहायचे ठरवले, तेव्हा पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणेच आला, ‘बाबा रे, याचा आपल्याशी काय संबंध?’

प्रश्न रास्त आहे. बँड आपला नाही, गाणी आपली नाहीत, आणि खरं सांगायचं तर ती ऐकताना आपल्यातले निम्मे लोक कानावर हात ठेवतील. पण या बँडने आणि त्याच्या मागे उभ्या राहिलेल्या छोट्या रेकॉर्ड कंपनीने आपल्यासारखीच एक शीव आखून घेतली. आपल्या शहराच्या परिसरातलेच संगीत छापायचे आणि जपायचे. जेमतेम तीन वर्षे चाललेल्या त्या बँडची आज तारीखवार हकिगत सांगता येते. आपल्याकडे पन्नास पन्नास वर्षे दशावतारी काले करणाऱ्या कंपन्यांची आणि चवथीत घरोघर आरत्या घुमवणाऱ्या मंडळांची तशी हकिगत सांगता येत नाही. हे असे का झाले, ते तपासण्यासाठी हा निबंध.

पंक आणि हार्डकोर

ज्यांना या संगीताची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. १९७५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत न्यूयॉर्क आणि लंडन इथे पंक नावाचे संगीत पुढे आले. न्यूयॉर्कचे रामोन्स, लंडनचे सेक्स पिस्टल्स ही त्यातली गाजलेली नावे. लांबलचक गिटारवादन, महागडी साधने, मोठमोठी मैदाने यांना कंटाळलेल्या तरुणांनी तीन सूर आणि एक ठेका घेऊन गाणी बांधली. पुढे अमेरिकेत त्याहून कमी वयाच्या मुलांनी तेच संगीत आणखी वेगवान, आणखी तोकडे आणि आणखी कडक केले. त्याला हार्डकोर म्हणतात. गाणे एक-दीड मिनिटाचे. एक गिटार, एक बास, ड्रम आणि ओरडून म्हटलेले शब्द.

वॉशिंग्टनमध्ये या वेगाचा धडा घालून दिला तो बॅड ब्रेन्स या बँडने. हे चौघे कृष्णवर्णीय वादक आधी जॅझच्या वळणाचे संगीत करत होते, त्यामुळे हात तयार होते. तयारीच्या वादकांनी इतक्या वेगाने वाजवलेले पंक पाहून शहरातली शाळकरी मुले थक्क झाली. अशाच मुलांपैकी इयन मकाय आणि जेफ नेल्सन हे दोघे विल्सन हायस्कूलचे विद्यार्थी.

टीन आयडल्स आणि हातावरची फुली

१९७९ मध्ये इयन, जेफ आणि त्यांच्या दोन मित्रांनी टीन आयडल्स नावाचा बँड काढला. त्यात इयन बास वाजवत असे. बँड जेमतेम वर्षभर चालला, पण त्याने मागे दोन गोष्टी ठेवल्या.

पहिली गोष्ट फुलीची. संगीताचे कार्यक्रम व्हायचे ते दारू विकणाऱ्या क्लबांत, कारण क्लबचा धंदाच दारूवर. साहजिकच अल्पवयीन मुलांना दारातून परत पाठवत. ज्यांचे हे संगीत, त्यांनाच ते ऐकायला मिळेना. ऑगस्ट १९८० मध्ये टीन आयडल्स बसने कॅलिफोर्नियाला गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या माबुहाय गार्डन्स या क्लबने त्यांना आत घेतले, पण हातावर काळी फुली मारून. फुली दिसली की दारू द्यायची नाही, एवढाच तिचा अर्थ. मुलांनी हीच युक्ती परत आल्यावर वॉशिंग्टनच्या ९:३० क्लबला सुचवली. दारू नको, आम्हाला फक्त गाणे ऐकू द्या, ही त्यामागची विनंती. पुढे जगभर मिरवली गेलेली ही खूण मुळात दारवानाच्या सोयीची होती.

दुसरी गोष्ट पैशांची. ६ नोव्हेंबर १९८० ला शेवटचा कार्यक्रम करून बँड फुटला. वर्षभराच्या बिदागीतून काहीशे डॉलर साठले होते. ते चौघांत वाटून घ्यायचे की जी गाणी आधीच ध्वनिमुद्रित केली होती त्यांची तबकडी काढायची? बँड तर संपला होता. तबकडी विकायला कार्यक्रम नाही, कार्यक्रमाला बँड नाही. तरीही त्यांनी तबकडी काढली. रॉकव्हिल इथल्या रेकॉर्डच्या दुकानाचे मालक स्किप ग्रॉफ यांनी छपाईचा मार्ग दाखवला. डिसेंबर १९८० मध्ये ‘मायनर डिस्टर्बन्स’ ही सात इंची तबकडी निघाली, प्रती १०००. कंपनीचे नाव ठेवले डिस्कॉर्ड, आणि ही तबकडी तिचा क्रमांक एक.

मला या हकिगतीतली ही जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते. मोडलेल्या बँडने आपल्या नोंदीसाठी पैसे खर्च केले. कीर्ती मिळेल अशी आशा नव्हती. आम्ही होतो, असे वाजवत होतो, एवढे राहावे म्हणून.

तीन वर्षांची कारकीर्द

त्याच महिन्यात इयन आणि जेफ यांनी नवा बँड उभा केला. गिटारवर लाइल प्रेस्लर, बासवर ब्रायन बेकर, ड्रमवर जेफ, आणि इयन आता गायक. इयन अठरा वर्षांचा, बेकर पंधराचा. नाव मायनर थ्रेट. ‘मायनर’ म्हणजे किरकोळ आणि ‘मायनर’ म्हणजे अल्पवयीनही, असा दुहेरी अर्थ. पहिला कार्यक्रम १७ डिसेंबर १९८० ला झाला.

एप्रिल १९८१ मध्ये ते व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनला डॉन झियेंटारा यांच्याकडे गेले. झियेंटारा यांनी घराच्या तळघरात ‘इनर इअर’ नावाचा स्टुडिओ थाटला होता. तिथे आठ गाणी मुद्रित झाली. आठही गाणी मिळून सुमारे नऊ मिनिटे! त्यातले ‘स्ट्रेट एज’ अवघे ४६ सेकंदांचे. जूनमध्ये तबकडी बाहेर आली. मुखपृष्ठावर इयनचा धाकटा भाऊ अ‍ॅलेक पायऱ्यांवर गुडघ्यांत मान घालून बसलेला दिसतो, डोके भादरलेले. डिसेंबरमध्ये दुसरी तबकडी आली, ‘इन माय आइज’, चार गाण्यांची.

तबकडीची वेष्टने कशी बनत ते सांगण्यासारखे आहे. मुलांनी बाजारातले एक तयार वेष्टन उकलले, त्याचा आकार कागदावर उतरवला आणि तो छापून घेतला. मग घरी बसून कात्रीने कापायचे, घडी घालायची, गोंद लावायचा. मित्रमैत्रिणी जमत आणि गप्पा मारत शेकड्यांनी वेष्टने चिकटवत. आपल्याकडे चवथीच्या आधी माटोळी बांधायला घर जमते, तसाच काहीसा प्रकार. आत गाण्यांच्या शब्दांचा कागद असे, कारण इतक्या वेगात शब्द कळणार नाहीत हे त्यांनाही ठाऊक होते! ऑक्टोबर १९८१ मध्ये आर्लिंग्टनला एक घर भाड्याने घेतले. तेच राहते घर, तेच तालमीचे तळघर, तीच कंपनीची कचेरी. पुढे त्याला डिस्कॉर्ड हाउस हेच नाव पडले.

पण त्याच सुमारास बँड पहिल्यांदा थांबला. प्रेस्लर कॉलेजसाठी इलिनॉयला निघून गेला. मुले शिकायच्या वयाची, तेव्हा हे व्हायचेच. तिथे तो फार रमला नाही आणि १९८२ च्या वसंतात चौघे पुन्हा एकत्र आले. पुन्हा सुरू करा म्हणून मागे लागणाऱ्यांत बॅड ब्रेन्सचा गायक एच. आर. होता. त्या वर्षी स्टीव्ह हॅन्सजेन बासवर आला आणि बेकर दुसरी गिटार वाजवू लागला. मोटारीत सामान भरून अमेरिकाभर दौरे झाले. जानेवारी १९८३ मध्ये ‘आउट ऑफ स्टेप’ मुद्रित झाली आणि एप्रिलमध्ये ती प्रसिद्ध झाली. या बारा इंची तबकडीचे मुखपृष्ठ सिंथिया कॉनली यांचे. पांढऱ्या मेंढ्यांच्या कळपापासून एक काळी मेंढी उड्या मारत दूर चालली आहे.

पुढचा भाग पटकन सांगतो, कारण बँड मोडण्याच्या गोष्टी सगळीकडे सारख्याच. बाकीच्यांना संगीत अधिक सुरेल करावेसे वाटू लागले, यू टू या आयरिश बँडच्या वळणावर. इयनला ते पटेना. शिवाय कार्यक्रमांतली हाणामारी त्याला नकोशी झाली होती. हॅन्सजेन आधीच बाहेर पडला होता. २३ सप्टेंबर १९८३ ला वॉशिंग्टनच्या लॅन्सबर्ग सेंटरमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. सोबत टेक्ससचे बिग बॉइज आणि वॉशिंग्टनचेच ट्रबल फंक. डिसेंबरमध्ये शेवटचे ध्वनिमुद्रण झाले, ते ‘सॅलड डेज’ या नावाने १९८५ मध्ये निघाले. १९८९ च्या संकलनात बँडची गाणी एकत्र आली, २६ गाणी, ४७ मिनिटांत. आपल्याकडे आड-दशावतार संपून आख्यान रंगात येईपर्यंतच तेवढा वेळ जातो.

अडचणीची पाने

स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांचा एक दोष असा, की आपल्या गावाच्या वाईट बाजूवर आपण पांघरूण घालतो. या बँडच्या दप्तरात तशी सोय नाही. छापलेले छापलेलेच राहिले.

‘स्ट्रेट एज’ हे गाणे इयनने स्वतःबद्दल लिहिले. दारू आणि अमली पदार्थ यांच्यापासून दूर राहण्याचा त्याचा स्वतःचा निश्चय, एवढेच. पण ऐकणाऱ्यांनी त्याचा पंथ केला, हातावरची फुली पंथाची खूण झाली, आणि काही ठिकाणी न पाळणाऱ्यांशी मारामारीपर्यंत मजल गेली. गंमत म्हणजे हा वाद बँडच्या आतच सुरू झाला होता. ‘आउट ऑफ स्टेप’ या गाण्याचे शब्द आज्ञेसारखे ऐकू येतात, असा ड्रमर नेल्सनचा आक्षेप. म्हणून १९८३ च्या मुद्रणात इयनने मध्येच बोलून खुलासा घातला, की हे काही नियम नव्हेत. एकाच गाण्याची १९८१ ची आणि १९८३ ची अशी दोन्ही मुद्रणे उपलब्ध आहेत. दोन्ही शेजारी ठेवून ऐकली तर चौघांतला मतभेद कानांनी ऐकू येतो. असा पुरावा इतिहासकाराला क्वचितच मिळतो.

दुसरे प्रकरण अधिक कठीण. दुसऱ्या तबकडीत, ‘इन माय आइज’मध्ये, ‘गिल्टी ऑफ बीइंग व्हाइट’ नावाचे गाणे आहे. वॉशिंग्टन त्या काळी कृष्णवर्णीय बहुसंख्येचे शहर. विल्सन हायस्कूलमध्ये गोरा म्हणून आपल्याला त्रास झाला, पूर्वजांच्या पापाचा जाब आपल्याला का विचारता, अशी त्या गाण्याची तक्रार. हे गाणे वंशद्वेषाविरुद्ध आहे, असे इयनचे म्हणणे. पण वंशद्वेष्ट्यांनीच ते पुढे उचलून धरले. माझ्या मते एका शाळकरी मुलाच्या अनुभवात शहराचा दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास मावत नाही, आणि हे गाणे तो मावल्याचा आव आणते. ज्या बँडने बॅड ब्रेन्सकडून धडे घेतले आणि ज्याने शेवटच्या कार्यक्रमात ट्रबल फंकबरोबर मंच वाटून घेतला, त्याच बँडचे हे गाणे आहे. ही सगळी पाने एकाच दप्तरात आहेत, म्हणूनच आपण त्यावर बोलू शकतो.

ट्रबल फंकचे नाव आले म्हणून सांगतो. त्यांचे संगीत गो-गो, वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतले ठेक्याचे संगीत. २०२० मध्ये त्या शहराने गो-गोला कायद्याने आपले अधिकृत संगीत केले. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१९ मध्ये, गोव्याने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. मान मिळाला ही चांगलीच गोष्ट. पण मान मिळाल्याने जुन्या वादकांची नावे आपोआप वहीत उतरत नाहीत.

दप्तर कसे राहिले

बँड संपला, कंपनी राहिली. डिस्कॉर्डने फक्त वॉशिंग्टन परिसरातल्या बँडच्या तबकड्या काढायच्या, हे धोरण धरून ठेवले. लेखी करार नाहीत, खर्च वजा जाता नफ्याची वाटणी, किंमत कमी. क्रमांक एकपासून पुढच्या सगळ्या तबकड्यांना क्रमांक. वाण्याच्या खतावणीसारखा साधा हिशोब, पण चार दशके न तुटलेला.

इयनला वस्तू टाकवत नसत. पत्रके, पत्रे, ध्वनिफिती, फोटो त्याने सांभाळले. १९८८ मध्ये सिंथिया कॉनली, लेस्ली क्लेग आणि शॅरन चेस्लो या तिघींनी ‘बॅन्ड इन डीसी’ हे छायाचित्रांचे पुस्तक काढले. तिघीही त्याच गोतावळ्यातल्या. बाहेरचा संशोधक कधी येईल याची वाट त्यांनी पाहिली नाही. इयनच्या पुढच्या बँडने, फुगाझीने, आपले बहुतेक कार्यक्रम टेप करून ठेवले होते. २०११ च्या अखेरीपासून त्यांतले आठशेंहून अधिक कार्यक्रम ठिकाण आणि तारखेसह ऐकायला खुले करण्याचे काम सुरू झाले. २०१३ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने इयनला व्यक्तिगत संग्रह कसा सांभाळावा यावर बोलायला बोलावले. २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने खास पंक संगीताचा संग्रह सुरू केला आणि लोकांकडून घरातली पत्रके, टेप, फोटो मागवले.

दप्तराचा व्यवहारी उपयोगही झाला. २००५ मध्ये नायके कंपनीने स्केटबोर्डिंगच्या एका दौऱ्यासाठी अ‍ॅलेकच्या त्या पायऱ्यांवरच्या चित्राची हुबेहूब नक्कल करून ‘मेजर थ्रेट’ नावाची जाहिरात काढली. डिस्कॉर्डने जाहीर हरकत घेतली आणि कंपनीला माफी मागून जाहिरात मागे घ्यावी लागली. चित्र कुणाचे, कधीचे, कुठल्या तबकडीवरचे, हे सगळ्यांना ठाऊक होते. ते तसे ठाऊक नसते, तर हरकत घ्यायला तोंड कुठून आणले असते?

सगळेच वाचले असेही नाही. आर्लिंग्टनने पुनर्विकासासाठी जागा घेतल्यामुळे इनर इअर स्टुडिओला २०२१ मध्ये आपली नंतरची इमारत सोडावी लागली. इमारत गेली, पण तिथे काय मुद्रित झाले ते घरोघर पसरलेले होते.

आपल्या शिवेत

आता पेडण्या-डिचोलीकडे येतो. पेडण्याचा दशावतारी काला घ्या. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. रात्री कोणते आख्यान लावायचे ते ठरते, कथेची रूपरेषा सांगितली जाते आणि संवाद रंगमंचावर जागच्या जागी बोलले जातात. हेच त्याचे वैभव. पण म्हणूनच पहाटे दहीहंडी फुटली की रात्रीचे नाटक संपले, कागदावर काही उरत नाही. मायनर थ्रेटचे कार्यक्रमही असेच विरून जाणारे होते. फरक पडला तो आजूबाजूच्या मंडळींनी ठेवलेल्या वस्तूंमुळे.

डिचोलीच्या वाड्यांवरच्या घुमट आरत्यांचे तसेच. घुमट, शामेळ, कासाळे घेऊन बसलेली मंडळी एकेक आरती अर्धा-पाऊण तास रंगवतात. कुठल्या घराण्याची चाल कुठल्या वाड्यावर गेली, कुणी कुणाला शिकवली, हे सांगणारे आता थोडे राहिले. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर घोरपडीचे कातडे वर्ज्य झाले आणि घुमटावर बकऱ्याचे कातडे आले. त्याने आवाजात काय बदल झाला? जुन्या कातड्यावरचे वादन कुणाच्या कॅसेटमध्ये असेल, तर ती कॅसेट म्हणजे पुरावा. आमच्या स्वतःच्या घरात अशा चार कॅसेटी निघाल्या. दोनांना बुरशी लागलेली, आणि एकीवरही तारीख नाही. वाजवणारे आवाज मी ओळखतो. माझ्यानंतर कोण ओळखणार?

हरमलच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुण्यांबरोबर चार दशके जे संगीत वाजले, त्यात गावातलीही मुले बसली. तेही आपल्याच शिवेतले आहे. २०२२ च्या डिसेंबरात मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. आता पेडण्यात घरे पाडून नवी उभी राहायला वेळ लागत नाही. माळा रिकामा करताना पहिली रद्दीत जाते ती पत्र्याची पेटी.

डिस्कॉर्डच्या पोरांकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, अनुदान नव्हते, सरकारी ठरावही नव्हता. कात्री, गोंद, क्रमांक आणि न फेकण्याची सवय होती. तेवढे आपल्याकडेही आहे. म्हणून येत्या चवथीपूर्वी सुरुवात म्हणून पुढची कामे मी सुचवतो.

जत्रेची आणि काल्यांची जुनी हस्तपत्रके मिळतील तशी गोळा करावीत आणि मागे पेन्सिलीने गाव व साल लिहावे. आरत्यांच्या हस्तलिखित वह्यांचे फोटो काढावेत, वही मालकाच्या घरीच राहू द्यावी. बुरशी लागलेली कॅसेट घाईने वाजवून पाहू नये. फीत तुटते. ती कोरड्या डब्यात ठेवावी आणि जाणकाराकडून उतरवून घ्यावी. दशावतारी कंपनीच्या कलाकारांना आख्यान विचारतोच आपण; त्याबरोबर बिदागी किती, पेटारा कुणी वाहिला, स्त्रीपार्ट कुणाकडून शिकला, कंपनी का फुटली, हेही विचारावे. फुटण्याची गोष्ट सांगायला लोक कचरतात, पण ती सांगितली तरच हकिगत पुरी होते. आणि प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा, एकपासून.

पणजीचे आपले मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचे आहे. वॉशिंग्टनच्या ग्रंथालयाने पंकसाठी कपाट उघडले, तसे एखादे कपाट तिथे किंवा आपल्या तालुक्यांत काल्यासाठी आणि घुमटासाठी मागता येईल. पण मागायला जाताना हातात पेटी हवी. माझ्याकडच्या चार कॅसेटींना मी क्रमांक घातले आहेत, एक ते चार. क्रमांक पाच कुणाच्या घरी आहे, ते मंडळाला कळवा.